नऊची घंटा आणि नऊची शिट्टी

रविवारी उपासनेला शेवटच्या बाकावर एक पोरगा बसलेला असतो. अंगात ट्रॅकसूट, पायाशी किटची बॅग. दुसरे गीत संपले की तो वाकून बाहेर सटकतो. त्याची मॅच असते. महिन्याभराने तो दिसेनासा होतो आणि मंडळीच्या सभेत ठरलेला सूर लागतो : 'आईबापांना देवापेक्षा मेडल मोठं झालंय!'

हा आरोप मला मान्य नाही. सोमवार ते शनिवार शाळा. मग निवड चाचणी नि स्पर्धा रविवारीच येणार. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, तोही रविवारच होता. हे वेळापत्रक चर्चवर डूख धरून कोणी आखलेले नाही.

दुसरा आक्षेप : खेळ हे जगाचे, भक्ती देवाची. मग बास्केटबॉल कुठे जन्मला? १८९१मध्ये अमेरिकेतल्या वायएमसीएच्या, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या, प्रशिक्षण संस्थेत. चारच वर्षांनी व्हॉलीबॉलही वायएमसीएतच. आपलेच लेकरू आपण परके ठरवतो आहोत.

तिसऱ्या आक्षेपात दाखला हमखास धावपटू एरिक लिडेलचा. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी प्राथमिक फेरी होती म्हणून त्याने शंभर मीटर सोडली. खरे आहे. पण मैदान सोडले नाही. ११ जुलैला, शुक्रवारी, तो ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकला. शिवाय तो बावीस वर्षांचा होता आणि निर्णय त्याचा स्वतःचा होता. बारा वर्षांच्या पोरावर मंडळीच्या पंचांनी लादलेली ती निष्ठा नव्हती.

'उपासनेची वेळ किंवा रीत बदलली की भक्ती पातळ होते' हेही नगरकरांनी तरी म्हणू नये. नगरच्याच कवी ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाच्या चालीत ख्रिस्तभक्ती आणली, म्हणून ती पातळ झाली का? उलट मराठी मातीत मुरली. कॅथलिकांत शनिवार संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पुरे होते, तेही नियमानुसार.

मग करायचे काय? रविवारी संध्याकाळी पाचला दुसरी उपासना ठेवा. मिशन कंपाउंडात जिथे मोकळी जागा पडून आहे, तिथे नेट बांधा. तरुण संघातल्या दोघांनी मॅच बघायला जावे. पोरगा पहिल्या फेरीत हरला, यादीतून नाव गळाले, तर त्याच्याशी बोलणारे मंडळीचे माणूस तिथे हजर हवे. हे काम कोणताही क्लब करणार नाही.

मात्र चर्चने सगळेच सोडून द्यावे, असे मी म्हणत नाही. स्पर्धा वेगळी आणि बारा महिने दर रविवारी सरावाला बोलावणे वेगळे. पाळकांनी कोचला चहाला बोलवावे आणि सरळ मागावे : प्रभुभोजनाचा, महिन्याचा एक रविवार आमचा. आपण तीन रविवार मोकळ्या मनाने दिले, तर चौथा मागायला तोंड राहते. आज आपण चारही मागतो आणि एकही मिळत नाही.

पाचच्या उपासनेची सूचना लावाल, तेव्हा खाली एक ओळ जरूर लिहा : गुडघ्याला माती असली तरी चालेल.