हायड्रोजनचे बोलताना प्राणवायूची पट्टी तपासा



साखरेपासून सुरुवात करून आपली सहकारी कारखानदारी मळी, अल्कोहोल, बगॅसची वीज आणि इथेनॉल इथवर आली. आता हायड्रोजनचे नाव निघू लागले आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठरवले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. तेव्हापासून गट सभांतून आम्हांला विचारणा होते, "साहेब, वीज आपली, पाणी आपलं, मग हायड्रोजन का नाही काढायचा?"

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर यंत्राच्या ज्या भागात आहे, त्याविषयी कोणी बोलत नाही. तो भाग म्हणजे प्राणवायू जिथे सुटतो ती धातूची पट्टी.

ऊस विकास खात्याने यात पडावे कशाला, असे कोणी म्हणेल. तर युरियासाठी. युरियाला लागणारा अमोनिया हायड्रोजनपासून होतो. ४५ किलोच्या एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. पाण्यापासून काढणे देशाला नवे नाही. पंजाबात नांगल येथे १९६१ साली सुरू झालेल्या खत कारखान्यात भाक्रा धरणाच्या विजेने पाणी फोडूनच हायड्रोजन काढीत. आज तोही कारखाना नैसर्गिक वायूवर चालतो.

आता विजेचा हिशेब पाहू. पाणी फुटण्यास शास्त्राप्रमाणे किमान १.२३ व्होल्ट दाब लागतो. प्रत्यक्षात कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात चालणाऱ्या यंत्रास १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. २ व्होल्टला एक किलो हायड्रोजनमागे सुमारे ५३ युनिट वीज जाते. म्हणजे युरियाच्या एका गोणीसाठी नुसत्या हायड्रोजनलाच २४० युनिट! युनिटला ४ रुपये धरले तरी ९६० रुपये झाले. आपल्याला गोणी तीनशेच्या आत पडते ती अनुदानामुळे, हे खरे. तरीही एवढा फरक डोळ्यांआड करता येणार नाही. मात्र दाब नुसता ०.१ व्होल्टने उतरला, तर किलोमागे अडीच युनिटांहून जास्त, म्हणजे गोणीमागे १२ युनिट वाचतात.

हा जादा दाब जातो कुठे? बराचसा प्राणवायूच्या बाजूला. हायड्रोजनचा रेणू दोन इलेक्ट्रॉनांत तयार होतो, प्राणवायूच्या रेणूला चार लागतात आणि तेही टप्प्याटप्प्याने. गाळप थांबते ते एखाद्या मिलमध्ये. बाकीच्या कितीही जोरात फिरोत. तसेच इथले आहे.

यावर इलाज म्हणून संशोधकांनी मुलाम्याचे जुने तंत्र हाती घेतले आहे. निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड यांच्या द्रावणात वीज सोडून निकेल चढवतात, हे आपल्या कामगार बंधूंना माहीत आहे. त्याच टाकीत कोबाल्ट ऑक्साइड किंवा रुथेनियम ऑक्साइडची बारीक भुकटी टाकून ढवळत राहिले, की निकेल बसता बसता भुकटीचे कण आपल्यात धरून ठेवते. लाडूत बेदाणे बसावेत तसे. इंजिनाच्या सिलिंडरला आतून सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेला निकेलचा मुलामा देतात तो याच रीतीने. तिथे झीज थांबवायची असते, इथे प्राणवायू लवकर सोडवायचा असतो. खडबडीत पट्टीला जागा जास्त मिळते, कण काम करतात आणि निकेल त्यांना वीज पोचवते. निकेलमध्ये थोडे लोखंड गेले तरी हे काम सुधारते, हे कॉरिगन यांनी १९८७ साली दाखवून दिले. आम्लावर चालणाऱ्या यंत्रांना इरिडियम लागते आणि ते जगभर मिळून वर्षाला सातआठ टनच निघते. त्यापुढे निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाची ही वाट आम्हांला जास्त जवळची वाटते.

तरीपण सावधपणा हवा. भुकटी फार झाली तर मुलामा ठिसूळ होतो. बुडबुड्यांच्या माऱ्याने कण सुटतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे यंत्र बंद करताना काही वेळ उलटा प्रवाह वाहतो व पट्टीची खराबी होते. आपला कारखाना वर्षातून चारपाच महिने चालतो. पाळी बंद, बॉयलर बंद, वीज बंद, हे आपल्याकडे नित्याचे. बारमाही अखंड विजेवर टिकलेली पट्टी आपल्या हंगामी विजेवर टिकेलच, असे धरून चालता येत नाही.

उसाची नवी जात एका प्लॉटात जोमदार दिसली म्हणून आपण ती कार्यक्षेत्रभर लावत नाही. लागणीला पाहतो, खोडव्याला पाहतो, पाण्याचा ताण बसल्यावर पाहतो, मग बेणेमळा करतो. नखाएवढ्या पट्टीवर काही तास घेतलेला आकडा ही नुसती लागण झाली. खोडवा अजून पाहायचा आहे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की हायड्रोजनसाठी ऊस बिलातून एक पैसाही कपात होण्यापूर्वी सभासदांनी सभेत तीन प्रश्न विचारावेत. पूर्ण प्रवाहावर पट्टीला किती व्होल्ट लागतात? किती हजार तासांनंतर तो आकडा किती चढतो? आणि किती वेळा बंद-चालू करून हे पाहिले आहे? उत्तर लेखी, हमीसह मिळावे.

याचा अर्थ हात बांधून बसावे असा नाही. आपल्या भागातील एखाद्या अभियांत्रिकी किंवा विज्ञान महाविद्यालयाने अशा पट्ट्या कराव्यात आणि कारखान्याने त्यांना एक लहान टाकी, हंगामातली वीज व बंद हंगामातली जागा द्यावी. दोन हंगाम गेले म्हणजे खरे कळेल. हंगामी विजेवर कोणती पट्टी टिकते, हे साखर कारखान्याइतके चांगले दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार? या चाचणीचा खर्च थोडा आहे, चुकीच्या यंत्राचे कर्ज मात्र पोराबाळांना फेडावे लागेल. सभासदांनी याचा जरूर विचार करावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी