सायकल तुमची, पैसे आमचे?

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या गावच्या किराणा दुकानदाराने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. मी त्याच्यापुढे पावतीपुस्तक उघडून उभा होतो. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी पाथर्डीकडे एक वसतिगृह चालते. त्याच्या मदतीसाठी नगरहून नेवाशापर्यंत आणि परत अशी सायकलफेरी निघायची होती. मी तीत नाव घातले होते, आणि प्रत्येक स्वाराने किमान पाच हजार रुपये जमवून आणावेत असा चालकांचा नियम होता. दुकानदाराने साखर पिशवीत ओतली, पिशवीचे तोंड बांधले आणि म्हणाला, "गुरुजी, सायकल तुम्ही चालवणार, व्यायाम तुम्हाला होणार, फोटो तुमचा छापून येणार. मग पैसे मी कशापायी द्यायचे? अन् मी नाही दिले, तर तुम्ही सायकल चालवणार नाही काय?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. पन्नास वर्षे माल मोजून देणाऱ्या घराण्यातल्या माणसाची ती साधी चौकशी होती. मी "सत्कार्य आहे" असे काहीसे पुटपुटलो. त्याने अकरा रुपये दिले, पण ते सत्कार्याला नव्हेत. माझी कीव येऊन दिले.

सणासुदीला दानधर्माचे गोडवे गायचे सोडून हा कडू विषय काढतो, याचा राग वाचकांनी मानू नये. हे पावतीपुस्तक उद्या तुमच्याही दारात येणार आहे. बहुधा तुमच्याच नातवाच्या हातून.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक विद्वान सहकारी आहेत. त्यांनी या प्रकाराला 'पोतराजाची विद्या' असे नाव दिले. पोतराज अंगावर आसूड ओढतो आणि मागतो. तुम्ही शंभरावर किलोमीटर तंगड्या मोडून घेता आणि मागता, फरक तो काय? ते हे हिणवण्यासाठी बोलले. मी मात्र पुष्कळ विचार करून पोतराजाच्याच बाजूला जाऊन बसलो. मरीआईच्या नावाने तो दारात उभा राहतो तेव्हा आसूड खरोखर अंगावर पडतो की नुसताच हवेत वाजतो, हे पोरेसुद्धा टक लावून पाहतात. आणि मिळालेला पैसा आपल्या पोटासाठी आहे हे तो लपवीत नाही. सत्कार्याच्या नावाने मागून त्यातच आपला नाश्ता उरकणाऱ्यापेक्षा तो शतपटीने सरळ.

मागणे हलके, असे आपल्याकडे कधी कोणी मानले नाही. माधुकरी मागून शिकलेले आजोबा कित्येक घरांत होऊन गेले. ज्या नेवाशाला आमची फेरी जाणार होती, तिथे पैसच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगणाऱ्याने लहानपणी आपल्या भावंडांसह भिक्षाच मागितली होती, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. हलके मानले गेले ते आधी काही न देता मागणे. गाडगेबाबा गाव झाडल्याखेरीज भाकरीला हात लावीत नसत. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली; घरोघर दळणातले मूठभर धान्य बाजूला ठेवायला सांगून त्यांनी मुष्टिफंड जमवला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वसतिगृहातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले गेले, हेही ठाऊक असल्यामुळे ती मूठ कोणी जड मनाने टाकली नाही. त्याला मी विसार म्हणतो. जमिनीच्या व्यवहारात विसार दिल्यावाचून बोलणे पुढे सरकत नाही. सायकलवरचा घाम हा मागणाऱ्याचा विसार आहे. दुकानदाराला हे उत्तर द्यायला हवे होते: शेटजी, तुम्ही एक पैसा दिला नाहीत तरी मी सायकल चालवणारच, ती तुमच्या पैशांवर चाललेली नाही.

फक्त हे उत्तर माझ्या बाबतीत खरे नव्हते!

फेरीच्या दिवशी पहाटे नगरात मांडव, ध्वनिक्षेपक आणि डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. आम्हाला पुरस्कर्त्यांची नावे छापलेले सदरे मिळाले. इमामपूरचा घाट उतरून घोडेगावला पोहे, नेवाशाला मिष्टान्नाचे जेवण आणि गळ्यात पदक. परतीला तोच घाट चढताना छाती फुटायची वेळ आली, तेवढाच भाग माझ्या मालकीचा. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की दर स्वारामागे अकराशे रुपये सदरा, पदक आणि खाण्यापिण्यात गेले, आणि ते जमलेल्या देणग्यांतून वळते करून घेतले. म्हणजे दुकानदाराचे अकरा रुपये वसतिगृहापर्यंत पोचले की माझ्या पोह्यांवरच्या शेवेत गेले, हे कोणीच सांगू शकत नाही. विसार दुसऱ्याच्या खिशातून!

हे दुखणे आपलेच आहे असे नाही. अमेरिकेत १९९४ साली एड्सच्या रुग्णांसाठी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस सायकलफेरी सुरू झाली. ती भरवणाऱ्या कंपनीने पुढे तशा अनेक फेऱ्या काढल्या, अफाट पैसा जमवला. पण व्यवस्था, जाहिरात आणि मेहनताना यांत फार जाते अशी ओरड होत राहिली आणि २००२ साली कंपनीने गाशा गुंडाळला. त्याच देशात मॅसॅच्युसेट्समध्ये कर्करोगावरच्या कामासाठी १९८० पासून फेरी निघते. तिथे स्वारांनी जमवलेला सगळा पैसा संस्थेला जातो आणि खर्च प्रवेशशुल्कातून व पुरस्कर्त्यांकडून भागवला जातो. तेव्हा 'खर्च तर होणारच' असे म्हणून खांदे उडवणाऱ्या चालकांनी मला तरी गप्प बसवू नये.

इतके लांब कशाला? १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे तरुणांना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या मणक्याने बाबांना बसण्याची सोय ठेवली नव्हती; वाहनात आडवे पडून ते बरोबर गेले. हात निर्मितीला लागावेत, मागायला नकोत आणि मारायलाही नकोत, अशी त्या यात्रेची घोषणा होती. २०२१ साली गांधीजयंतीला नगरच्या स्नेहालयाचे सायकलस्वार नोआखालीच्या दिशेने निघाले, तेही सद्भावनेसाठी. सायकलीवर बसले की पावतीपुस्तक हातात आलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

आता माझा गुन्हा सांगतो. चालकांवर दात खाऊन मी सुटणार नाही.

पाच हजार जमेनात, तेव्हा मी सातवीच्या वर्गाच्या पालकांचा जो व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे, त्यात आवाहन टाकले. देणाऱ्यांची नावे आकड्यांसह रोज रात्री त्याच गटात लिहू लागलो. ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती. माझ्याच सुपीक डोक्यातली. चौथ्या दिवशी एका मुलाचा बाप मधल्या सुटीत शाळेत आला. कोयत्यावर जाणारा माणूस. घडी घातलेली दोनशेची नोट पुढे करून म्हणाला, "पोराचं नाव मागं राहाया नको, गुरुजी. कालच मुकादमाकडनं उचल घेतलीय." उचल म्हणजे काय हे नगर जिल्ह्यात (कागदावर तो आता अहिल्यानगर झाला आहे) कोणाला समजावून सांगावे लागत नाही: अंगावर घेतलेले, नवराबायकोने हंगामभर ऊस तोडून फेडायचे पैसे. मी हे सारे जाणत होतो. मी नोट घेतली, पावती फाडली आणि रात्री त्याचे नाव यादीत लिहिले.

ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतलेली ती देणगी नव्हे, ती वसुली. मास्तर पालकाकडे मागतो ती वसुली; साहेब शिपायाकडे मागतो तीही. दसऱ्यानंतर तो गृहस्थ बायकोला घेऊन कारखान्यावर गेला. मुलगाही बरोबर गेला, कारण त्या वसतिगृहात जागा उरली नव्हती.

आणि शाळा तर याहून पुढे गेल्या आहेत. दहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात कूपनांचे पुस्तक कोंबायचे आणि 'जास्त खपवणाऱ्यास बक्षीस' म्हणायचे. ते पोर जाणार कुठे? मामाकडे, शेजारच्या काकूंकडे. उरलेली कूपने त्याची आई भाजीच्या पैशांतून घेते. गणपतीच्या मंडळालासुद्धा वर्गणी मागायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी काढावी लागते. या पोराला हिशेब विचारला तर ते काय सांगणार? मुलांना दान शिकवायचे असेल तर जरूर शिकवा. पण हे दान नव्हे, हा फिरता विक्रेता घडवण्याचा वर्ग आहे, आणि त्यावर पहिला बहिष्कार आम्ही मास्तरांनी घातला पाहिजे.

यंदा मी पुन्हा नाव घातले. पालकांच्या गटात एक अक्षर लिहिले नाही. प्रवेशाचे पैसे आणि ट्यूबचे पंक्चर, दोन्ही माझ्या खिशातून. जमले अवघे दोन हजार एकशे चाळीस. पाच हजार भरले नाहीत म्हणून मला ना सदरा मिळाला ना छातीवर लावायचा क्रमांक. मी रांगेच्या मागून बिनक्रमांकाचा गेलो, आणि रक्कम परस्पर वसतिगृहाच्या खात्यावर भरली. त्या बापाचे दोनशे रुपये परत करायला मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याने ते घेतले नाहीत. "दिलेलं माघारी घेतात व्हय?" म्हणाला. त्याची बायको चहा टाकत होती. तो पिऊन, नोट तशीच खिशात घेऊन मी परतलो. ती अजून माझ्याकडे आहे.

किराणा दुकानातही गेलो. दुकानदाराने विचारले, "यंदा जेवण कुणाच्या खर्चानं?" मी पिशवीतला डबा दाखवला. त्याने झाकण उघडून आतली भाकरी आणि ठेचा नीट पाहून घेतला. मग गल्ल्यातून एकशे एक रुपये काढले, पावतीवर आपले नाव बरोबर लिहिले आहे की नाही ते दोनदा वाचले आणि ती बिलांच्या तारेत खोचून ठेवली.