गाडी मागून घुमू लागते तेव्हा

जुन्या गाडीत मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, जुनी झाली, आवाज करणारच. दुसरा लगेच गॅरेजला फोन लावतो आणि तिकडून गाडी न पाहताच निदान येतं: ‘डिफरन्शियल गेलं, खोलावं लागेल.’ डिफरन्शियल खोलणं हे मोठ्या खर्चाचं काम. त्याला होकार देण्याआधी अर्धा तास स्वतः गाडीचं ऐका. आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो, हे जास्त सांगून जातं. कारण पत्रा आवाज वाहून नेतो, आणि उजव्या चाकाची घरघर डाव्या सीटखाली ऐकू येऊ शकते.

पण त्याहीआधी एक साधा प्रश्न. तुमची गाडी कुठल्या चाकांनी ओढली जाते? मारुती 800, अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका यांत जोर पुढच्या चाकांना जातो. मागे डिफरन्शियल नसतंच. अशा गाडीच्या मागचं ‘क्राऊन-पिनियन गेलं’ असं कुणी सांगितलं तर हसून दुसरं गॅरेज शोधा. अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी, ओम्नी, जिप्सी, बोलेरो यांत मात्र प्रोपेलर शाफ्ट इंजिनाचा जोर मागे नेतो आणि मधला गोल डबा तो दोन चाकांत वाटतो. पुढचं बरंचसं याच गाड्यांबद्दल आहे, पण टायर आणि बेअरिंगचा भाग सगळ्यांनाच लागू.

मोकळा, सपाट रस्ता निवडा. घरातल्या एखाद्या तल्लख कानाच्या पोराला मागे बसवा आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. गाडी ताशी 50 ला स्थिर ठेवा. मग त्याच वेगाला तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये आवाज सारखाच राहतो का ते बघा. इंजिनाचे फेरे बदलले तरी घुमणं तेच राहिलं, तर दोष इंजिनात नाही, चाकांबरोबर फिरणाऱ्या भागात आहे.

आता संशयित तीन: टायर, बेअरिंग, डिफरन्शियल.

टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. काँक्रीटवर एक, गुळगुळीत डांबरावर दुसरा. टायरवर तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर तो टायर बोलणारच. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून बघा. आवाज जागा बदलून पुढे आला, तर प्रश्न मिटला आणि पैसेही वाचले. ही अदलाबदल कुठलाही पंक्चरवाला करून देईल. तरी हे सर्वांत आधी करणारी माणसं मला फार कमी भेटतात.

बेअरिंगला ॲक्सिलरेटरशी देणंघेणं नसतं, वजनाशी असतं. रुंद वळणावर गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घुमणं वाढलं आणि उजव्या वळणाला कमी झालं, तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्या. वीसेक किलोमीटर चालवून थांबल्यावर दोन्ही मागच्या चाकांच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू नुसती नेऊन बघा, टेकवू नका. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापलेली असेल तर बेअरिंग कोरडं पडलंय किंवा ब्रेक घासतोय.

डिफरन्शियल मात्र पायाला उत्तर देतं. ॲक्सिलरेटर दाबला की ओरडतं आणि सोडला की गप्प, किंवा नेमकं उलट. असा पायाबरोबर बदलणारा सूर क्राऊन-पिनियनच्या दातांचा किंवा पिनियनच्या बेअरिंगचा असतो. सरळ रस्त्यावर शांत आणि फक्त वळताना कुरकुर असेल, तर आतली छोटी चाकं बघायला हवीत. तरीही डबा खोलण्याआधी त्यातलं ऑइल तपासा. आधी वरचा, ऑइल भरायचा नट सुटतो याची खात्री करा, मगच खालचा सोडा. नाहीतर ऑइल बाहेर आणि भरायला वाट नाही, अशी पंचाईत होते. ऑइलची पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी चिखल जमणं नेहमीचं, पण बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर मात्र डबा खोलावाच लागेल. (जुनी गाडी विकत घेताय? घुमणं दाबायला डिफरन्शियलमध्ये लाकडाचा भुसा घालायची युक्ती जुनी आहे. ऑइलचा थेंब बोटावर घेऊन बघाच.)

गाडी सुटताना किंवा गिअर बदलताना एकच ‘ठक्क’ होत असेल, तर तो वेगळा मामला. आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, मग पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट. सपाट जागी, चाकांना ठोकळे आणि हँडब्रेक लावून शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवा. क्रॉसच्या दोन्ही बाजू एकत्र हलायला हव्यात. एक हलते आणि दुसरी जरा उशिरा हलते, म्हणजे क्रॉस झिजला. पूर्ण शाफ्टच किंचित फिरतो तो मोकळेपणा मात्र दातांमधला असतो, आणि तो थोडा हवाच. त्याला घाबरून कुणी डबा खोलू नये. यू-बोल्टशेजारी तांबूस गंजाची पूड दिसली तर तिथे काहीतरी घासतंय. मग टेप घेऊन दोन्ही मागच्या चाकांचं बॉडीच्या एकाच खुणेपासूनचं अंतर मोजा. फरक असेल तर अख्खा एक्सल सरकलेला असू शकतो.

चाकातली ढिलाई बघायला गाडी उचलावी लागते, आणि इथे घाई जिवावर बेतू शकते. मागचं एक चाक उचललं की गाडी गिअरमध्ये असली तरी भरवसा नाही, कारण डिफरन्शियल उचललेल्या चाकाला मोकळं फिरू देतं आणि गाडी घरंगळू शकते. म्हणून सपाट जमीन, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि जॅकऐवजी वजन लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. आता चाक वरून-खालून धरून हलवा, मग बाहेर ओढा. चाक हलताना त्यामागची ब्रेकची पत्र्याची ताटली स्थिर राहिली, तर ढिलाई बेअरिंगची. ताटलीही बरोबर हलली, तर पाटे आणि बुशकडे वळा. काही जुन्या जीपच्या एक्सलमध्ये बाहेर-आत किंचित मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, पण ती मिलिमीटरच्या अंशात. डोळ्यांना सहज दिसणारी ढिलाई त्यात बसत नाही.

डबा खोलायची वेळ आलीच तर मेकॅनिकला एकच विचारा: ‘सेटिंग कसं करणार?’ क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलतात, आणि दातांवर रंग लावून ते नीट बसतात का हे बघावं लागतं. पातळ पत्र्याच्या चकत्या घालून अंतर जुळवावं लागतं. हे न करता नवी जोडी बसवली तर ती जुनीपेक्षा जास्त ओरडते.

आणि चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचे ओघळ दिसले, तर आवाज नसला तरी थांबा. सील फुटून ऑइल ब्रेकच्या लायनरवर गेलं की त्या बाजूचा ब्रेक धरत नाही. नवं सील घालण्याआधी एक्सलवरची हवा जाण्याची बारीक नळी चिखलाने बुजलीय का ते बघून घ्या. ती बंद असेल तर आतला दाब नवं सीलही फोडतो. चाक हलत असेल, किंवा लायनर ऑइलने भिजलेलं असेल, तर ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून मुलाबाळांना घेऊन निघू नका. बेअरिंग तुटलं तर काही गाड्यांत आतल्या दांड्यासकट चाकच बाहेर येतं. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर गाडी उचलून न्यायला सांगा.