पिन काढा, मॅच बघा

ब्रिटनमध्ये टीव्हीचा परवाना माणसाला नसतो, पत्त्याला असतो. थेट प्रक्षेपण किंवा बीबीसी आयप्लेअर पाहायचं तर २०२५-२६ साली वर्षाचे १७४.५० पौंड, दुसरं घर असेल तर त्याचे वेगळे. खरी गंमत विद्यार्थ्यांची. लीड्सच्या खोलीवर राहणारी स्लाउची मुलगी आईबाबांच्या परवान्यावर मॅच पाहू शकते, पण लॅपटॉप बॅटरीवरच चालला पाहिजे. चार्जरची पिन भिंतीत खोचली की संपलं, स्वतःचा परवाना काढा! शेवटच्या ओव्हरला बॅटरी मान टाकते तेव्हा काय करायचं, ते नियम करणाऱ्या साहेबालाच विचारावं. पुण्याहून शिकायला गेलेल्या पोराला तर तेवढीही सूट नाही. कारण सुट्टीत परततो त्या घराला ब्रिटनचा परवाना हवा, आणि सदाशिव पेठेतल्या केबलवाल्याची पावती तिथे चालत नाही.