समासातील आकडा आणि खिडकीतला दिवा

नाताळ जवळ आला की अमेरिकेत एका विशिष्ट प्रकारच्या चित्रांची आठवण जागी होते. काळ तेथील यादवी युद्धाचा, स्थळ व्हर्जिनियातील एखादे हिमाच्छादित गाव. खिडक्यांतून पिवळसर उजेड सांडलेला, दारावर हिरव्या पानांचे कडे, आणि अश्वारूढ सेनापतीला निरोप देणारी पत्नी किंवा त्याच्याकडे टक लावून पाहणारे एखादे मूल. मॉर्ट कुन्स्टलर यांच्यासारख्या सिद्धहस्त चित्रकारांनी या युद्धातील हिवाळा रंगविला आणि त्याच्या मर्यादित संख्येच्या, स्वाक्षरी केलेल्या प्रती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. सण, हिम आणि सैनिक यांचा हा संगम लोकांना इतका का मोहवितो, याचा विचार नाताळच्या पानावर करणे अप्रस्तुत ठरू नये.

या प्रतींच्या खालच्या समासात पेन्सिलीने एक अपूर्णांक लिहिलेला असतो. खालचा आकडा एकूण प्रतींचा, वरचा हातातील प्रतीचा. पूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्रे छापीत, तेव्हा या आकड्याला फार अर्थ होता. दाबाखाली रेषा झिजत. पहिल्या प्रती ठसठशीत येत, नंतरच्या पुसट होत जात. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर आडव्या रेघा ओढून तो बाद करीत. आज मूळ चित्राचे छायाचित्र घेऊन ऑफसेटवर किंवा शाईच्या सूक्ष्म फवाऱ्याने प्रती काढतात. पाचशेवी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ येते. मर्यादा उरली ती केवळ प्रकाशकाच्या शब्दाची. शब्द पाळला जात असेल तर त्यात गैर काही नाही; चित्रकारालाही पोट आहे.

अशा चित्रांना साजेसा प्रसंग म्हणून १८६२ च्या नाताळाकडे पाहावे. १३ डिसेंबरला फ्रेडरिक्सबर्गची लढाई झाली. उत्तरेचे १२,००० हून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यानंतर दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन मॉस नेक या कॉर्बिन कुटुंबाच्या मळ्यावर, आवारातील एका लहानशा इमारतीत उतरला. नाताळच्या दिवशी त्याने रॉबर्ट ली, जेब स्टुअर्ट आदींना भोजनास बोलाविले. टर्की होती, कालवे होती. लोण्यावर कोंबड्याचा ठसा उमटविलेला होता आणि त्यावरून स्टुअर्टने यजमानाची यथेच्छ थट्टा केली. २३ नोव्हेंबरला जॅक्सनला कन्या झाली होती. तिचे मुख त्याने अद्याप पाहिले नव्हते. त्याने माया लावली ती मळ्यावरच्या चिमुकल्या जेनी कॉर्बिनला. आपल्या टोपीची सोनेरी फीत काढून त्याने ती तिच्या कपाळाभोवती बांधली. मार्चमध्ये तळ हलला आणि लगोलग ती पोर स्कार्लेट फीव्हरने गेली. ते ऐकून हा कठोर पुरुष रडला. पुढे मे महिन्यात आपल्याच सैनिकांच्या गोळ्यांनी तो घायाळ झाला आणि १० मे १८६३ रोजी तोही गेला.

करुणरसाला याहून अधिक काय हवे? आम्ही कीर्तनाला उभे राहतो. श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी कशाने येते, हे आम्हांस पुरेपूर ठाऊक आहे. मूल, निरोप आणि थंडी एवढ्यावर काम भागते. म्हणूनच, डोळे भरून आले असता समोरचे काय दिसेनासे होते, हे विचारणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्या भोजनाच्या वेळी वाढपी पांढरा एप्रन बांधून उभा होता. छावणीत हा थाट कशाला, अशी लीने चेष्टा केली, आणि ती चेष्टा आठवणींत नोंदली गेली. मॉस नेकचा मळा गुलामांच्या श्रमावर चालत होता. बंडखोर प्रदेशातील गुलाम १ जानेवारी १८६३ पासून मुक्त होतील, असे अब्राहम लिंकन यांनी २२ सप्टेंबरलाच घोषित केले होते. खिडकीत दिवे लागले तेव्हा त्या दिवसाला एकच आठवडा उरला होता. एरवी १ जानेवारी हा गुलाम कुटुंबांच्या उरात धडकी भरविणारा दिवस. त्या दिवशी माणसे वर्षाच्या बोलीने दुसऱ्या मालकाकडे मजुरीस दिली जात. आई एकीकडे, मुले दुसरीकडे. मोठ्या घरात नाताळची गाणी चालू असता झोपड्यांतून ताटातुटीची धास्ती असे.

१८६२ च्या ३१ डिसेंबरला मात्र कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाने, जेथे जमले तेथे, प्रार्थनेसाठी एकत्र येऊन मध्यरात्रीची वाट पाहिली. वर्षाखेरचा हा जागर, म्हणजे वॉच नाइट, मेथडिस्ट पंथात आधीपासून होता; त्या रात्रीने त्याला नवा अर्थ दिला, आणि त्यांच्या चर्चमधून तो आजही पाळला जातो. दिवे, गाणे, थंडी, प्रतीक्षा: चित्रकारास हवे ते सारे तेथे होते. फ्रेडरिक्सबर्गचाच जॉन वॉशिंग्टन नावाचा तरुण गुलाम त्याच वर्षीच्या १८ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, रॅपहॅनॉक नदी ओलांडून उत्तरेच्या सैन्याकडे गेला आणि स्वतंत्र झाला. त्याने आपली हकीकत स्वहस्ते लिहून ठेवली. ती २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नदी तीच, वर्षही तेच.

सणाच्या चित्राकडून एवढी अपेक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. थॉमस नास्ट याने त्याच नाताळाचे चित्र 'हार्पर्स वीकली'च्या ३ जानेवारी १८६३ च्या अंकात दिले. एका वर्तुळात खिडकीपाशी गुडघे टेकून प्रार्थना करणारी पत्नी, दुसऱ्यात शेकोटीजवळ घरच्यांची छायाचित्रे पाहणारा एकाकी शिपाई, आणि खाली थडगी. लाकडी ठोकळ्यांवर कोरलेल्या त्या चित्राच्या प्रतींना क्रमांक नव्हता. ज्याने अंक घेतला त्याला ते मिळाले. २४ जानेवारीच्या अंकात त्यानेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय कुटुंब शेगडीभोवती बसलेले दाखविले, आणि बाजूला लिलाव व चाबूक. नास्ट निःपक्षपाती होता असे मुळीच नव्हे. त्याच्या सांताक्लॉजच्या हातात दक्षिणेच्या अध्यक्षाची, गळ्यात दोरी अडकविलेली बाहुली आहे! परंतु युद्ध कशासाठी चालले आहे, हे त्याच्या वाचकास पंधरवड्या-तीन आठवड्यांच्या अंतराने का होईना, कळत होते.

त्या मर्यादित प्रती भिंतीवरून उतरवाव्यात, असे आम्ही म्हणणार नाही. जेनीची फीत खरी आहे, बापाची ओढही खरी आहे. पण अशा प्रतीसोबत बहुधा एक प्रमाणपत्र येते. त्यावर चित्राचे नाव, प्रतींची संख्या आणि खरेपणाची ग्वाही असते. त्याच कागदावर, मॉस नेकसारख्या घरांतील दिवे कोणी लावले आणि येत्या गुरुवारची ते कशी वाट पाहत होते, याच्या चार ओळी छापावयास प्रकाशकास कितीसा खर्च यावा?