पिचरच्या खांद्यावरचे ओझे

शालेय सॉफ्टबॉलच्या सामन्याला गेलात, तर मैदानाच्या कडेने एक आरोळी हमखास ऐकू येते : "जोर लाव!" पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीचा, चेंडू मंद पडू लागला की क्रीडाशिक्षक, मैत्रिणी, पालक सगळे तिला हेच सांगतात. माझ्या मते याला सल्ला म्हणता येणार नाही. मागे पडणाऱ्या घड्याळाला "लवकर चाल" असे बजावण्यासारखेच ते आहे. जोर कोणत्या स्नायूंनी लावायचा आणि कोणत्या क्षणी लावायचा, हे कोणीच सांगत नाही. मग ती बिचारी तो सगळा खांद्याने लावते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा भाऊबंद. चेंडूचा परीघ सुमारे ३० सेंटिमीटर आणि वस्तुमान १८० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान. मोठ्या स्त्रियांच्या सामन्यांत पिचरची जागा बॅटरपुढील प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे १३.१ मीटरवर असते. चेंडू डोक्यावरून न टाकता, हात पवनचक्कीच्या पात्यासारखा एकदा पूर्ण फिरवून कमरेखालून सोडायचा. सोडताना पिचर लांब ढांग टाकून पुढे येते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात ११ मीटरच जायचे असते. बऱ्यापैकी सराव असलेल्या शाळकरी मुलीचा चेंडू ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने गेला, तर बॅटरला विचार करायला अर्ध्या सेकंदाहून थोडासाच अधिक वेळ मिळतो.

"खालून तर टाकायचा, त्यात कसला त्रास?" असे पुष्कळांना वाटते. डोक्यावरून फेकणे शरीराला अस्वाभाविक, खालून फेकणे स्वाभाविक, म्हणून ते निर्धोक, अशी ही समजूत. विद्यार्थी मित्रांनो, अकरावीचे गणित घेऊन आपणच तिची परीक्षा करू.

समजा, पिचरचे वजन ४५ किलो आहे. २० मीटर वेगापैकी ६ मीटर तिला धडाच्या आणि मनगटाच्या हालचालीतून मिळाले, आणि उरलेले १४ मीटर हात खांद्याभोवती फिरल्यामुळे मिळाले, असे ढोबळमानाने धरू. खांद्यापासून चेंडूपर्यंतचे अंतर ६० सेंटिमीटर. मग हाताचा कोनीय वेग १४ भागिले ०.६, म्हणजे सेकंदाला २३ रेडियनच्या थोडा वर येतो. फिरणाऱ्या वस्तूला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल म्हणजे वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार. १८० ग्रॅमच्या चेंडूसाठी हे बल सुमारे ६० न्यूटन भरते. पण हातालाही वस्तुमान आहे, हे आपण विसरतो. संपूर्ण हात शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के, म्हणजे सव्वादोन किलो असतो. त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून २७ सेंटिमीटरवर धरला, तर त्याच्यासाठी आणखी ३३० न्यूटन लागतात. एकूण ३९० न्यूटन झाले. हे ४० किलो वजनाइतके आहे! प्रत्येक चेंडूला, क्षणभर का होईना, वर्गातली एखादी मैत्रीण त्या मुलीच्या हाताला लोंबकळत असते. आणि हा हात खांद्याच्या उथळ खोबणीत स्नायू व स्नायुबंध यांच्याच आधाराने राहिलेला असतो.

हा हिशेब कागदावरचाच आहे असे समजू नका. १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये पिचरांच्या फेकीचे वेगवान चित्रण करून संशोधकांनी मोजमापे घेतली. खांद्याचा सांधा ओढून काढू पाहणारे बल सरासरीने शरीराच्या वजनाच्या ८० टक्के निघाले. त्या ऑलिंपिकच्या खेळाडू होत्या, वर्षानुवर्षे स्नायू कमावलेल्या. शाळकरी मुलीची हाडे तर अजून वाढीच्या अवस्थेत असतात आणि त्यांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग कूर्चेचाच असतो.

आता "जोर लाव"चा अर्थ पाहा. चेंडूचा वेग २० वरून २२ मीटर करायचा आहे आणि ही सगळी वाढ हातानेच करायची आहे, म्हणजे १४ चे १६ करायचे आहेत. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ चा वर्ग २५६, १४ चा १९६. चेंडूचा वेग वाढला १० टक्के आणि खांद्यावरचा ताण वाढला ३० टक्के. असा सौदा कोणताही व्यापारी करणार नाही!

मग वेग आणायचा कोठून? पायांतून. २० मीटर वेगाच्या १८० ग्रॅम चेंडूची गतिज ऊर्जा ३६ ज्यूल. आणि सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे झेपावणाऱ्या ४५ किलोच्या शरीराची ऊर्जा ९० ज्यूल, म्हणजे चेंडूच्या अडीचपट. ती मागच्या पायाने जमीन रेटून मिळवलेली असते. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. हे भांडार सोडून खांद्याच्या लहानशा स्नायूंकडे सगळी मागणी करणे म्हणजे विहीर भरलेली असताना कळशीतले पाणी शेताला घालणे.

ही ऊर्जा हातापर्यंत पोहोचते कशी, हे एस.टी.तल्या प्रवाशाला चांगले ठाऊक आहे. ड्रायव्हरने एकदम ब्रेक दाबला की पाय गाडीबरोबर थांबतात आणि वरचे शरीर जडत्वाने पुढे फेकले जाते. पिचरचा पुढचा पाय म्हणजे हा ब्रेक. तो जमिनीवर टेकतो तेव्हा हात साधारण डोक्यावर असावा. पाय टेकला की गुडघा किंचित वाकलेला पण ताठर राहावा. कंबर अडते, धड वळते, मग दंड, मग कोपराखालचा हात, शेवटी मनगट, असा वेग खालून वर चढत जातो. आसूड ओढताना मुठीची हालचाल थोडीशीच असते, पण टोक कडाडते, तसे हे आहे. त्यासाठी हात सैल हवा. "जोर लाव" ऐकून जी मुलगी दात-ओठ खाऊन हात काठीसारखा आवळते, तिने आसुडाची काठी केलेली असते.

मी पाहिलेल्या पिचरांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा दोष पुढच्या पायातच असतो. गुडघा टेकताच मऊ पडतो, धड पुढे वाकते, आणि ब्रेक न लागल्यामुळे ती ऊर्जा पायातच जिरते. मग राहिलेली कसर खांदा भरून काढतो. पाहणारे मात्र हाताकडे पाहत बसतात, कारण चेंडू हातात असतो.

चेंडू नेमका पडण्याचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. आपल्या हिशेबातला हात सेकंदाला सुमारे १३०० अंश फिरतो. म्हणजे चेंडू सुटायला एक सहस्रांश सेकंद उशीर झाला, तर दिशा सव्वा अंशाने वर जाते आणि ११ मीटरवर चेंडू वीतभर उंच जातो. गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला ही अडचण माहीत असते. ढांगेबरोबर खांदाही पुढे सरकत असेल, तर हाताच्या वर्तुळाचा तळ सपाट होतो आणि ही चूक कमी होते. पाय नीट वापरणारीचा चेंडू जागेवर पडतो त्याचे हेही एक कारण आहे.

हे सगळे डोळ्यांना दिसत नाही, कारण फार झटपट घडते. पण आज बऱ्याच घरांतल्या मोबाइल फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. फोन पिचरच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवा. पाय टेकतो त्या चित्रात हात कोठे आहे ते पाहा. त्यानंतर गुडघा किती वाकतो ते पाहा. चेंडू सुटल्यापासून कॅचरच्या हातात पडेपर्यंतची चित्रे मोजा. ११ मीटरला १३२ चित्रे लागली, तर सरासरी वेग सेकंदाला २० मीटर. यंत्र विकत घ्यायला नको. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रयोगशाळेत आपण दोन राशी एकदम बदलत नाही. मैदानावर मात्र एका दमात ढांग, मनगट, नजर आणि पकड यांवर चार सूचना दिल्या जातात आणि सुधारणा झाली तरी ती कशाने झाली हे कळत नाही.

हालचाल कितीही सुबक केली तरी ताण शून्य होत नाही. म्हणून चेंडू मोजायलाच हवेत. अमेरिकेतील लिटल लीग या संघटनेने मुलांच्या बेसबॉलमध्ये २००७ पासून दिवसाच्या चेंडूंवर वयानुसार मर्यादा घातली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ती ८५ चेंडूंची आहे. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत संघाची एकच पिचर एका दिवसात दोन-तीन सामने टाकताना दिसते आणि तिने किती चेंडू टाकले हे कोणाच्याही वहीत नसते. धावा मात्र टिपलेल्या असतात.

यावर एक उदाहरण नेहमी पुढे केले जाते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामन्यांत ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे टोकियोत, २०२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षीही ती सुवर्णविजेत्या संघात होती. पराक्रम मोठा आहे, मीही त्याला नमस्कार करतो. पण बीजिंगमध्ये ती २६ वर्षांची व्यावसायिक तयारीची खेळाडू होती. शिवाय जिचा खांदा टिकला तिचेच नाव आपल्या कानावर येते. नववीत खांदा दुखू लागला म्हणून जिने खेळ सोडला, तिची नोंद कोठे सापडणार?

क्रीडाशिक्षकांची अडचण मला समजते. एकच चांगली पिचर असते, आणि तिला बसवले तर सामना हातचा जातो. परंतु जूनमध्येच तीन मुलींना पिचिंग शिकवायला घेतले, तर डिसेंबरमध्ये ही वेळ येत नाही. सरावात आज कोणी किती चेंडू टाकले, कोणाचा खांदा दुसऱ्या दिवशी सकाळी दुखत होता, याची वही एखाद्या विद्यार्थिनीकडे द्यावी. दुखत असेल तर त्या दिवशी चेंडू हातात देऊ नये, आणि दुखणे थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. वेग मोजायचे काम पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी घ्यावे. वर्तुळाकार गतीचा धडा त्या आठवड्यात फळ्यावर न शिकवता मैदानावर शिकवला तरी अभ्यासक्रम मागे पडणार नाही.