काढणावळ कोण देणार?

निकाल लागला, जेसीबीवरून गुलाल उधळला, डीजे थांबला. दुसऱ्या दिवशी चपलांना लागून तो गुलाल घराघरात आला आणि घरोघरच्या बायकांनी तो पुसून काढला. चौकातले उमेदवार मात्र तसेच उभे राहिले. जिंकलेले, हरलेले, अनामत गमावलेले, सगळे ओळीनं, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. एकाचा कान वाऱ्यानं फाटून लोंबतोय. एकाच्या गालावर कावळ्यानं आपलं मत नोंदवलंय. मतमोजणी होऊन महिने उलटले, पण ही मंडळी अजून मतं मागतायत. दोघा-तिघांच्या अंगावर तर नवा थर चढला आहे: 'मतदार बंधू-भगिनींचे जाहीर आभार'. त्यावर लवकरच वाढदिवसाचा चढेल.

हे लावतं कोण, ते एकदा रात्री जागून बघा. दोनच्या सुमाराला छोटा टेम्पो येतो. मागं बांबू, सुतळीचे गुंडे, बाइंडिंग वायर, एक शिडी आणि तीन-चार पोरं. पायात स्लिपर. खांबावर चढणाऱ्याच्या डोक्याजवळून विजेची तार गेलेली असते आणि खाली उभा असलेला त्याला 'अजून वर घे, साहेबांचा चेहरा झाकतोय' म्हणून ओरडत असतो. त्यातल्या एकाला मी विचारलं होतं, "काढायला कधी येणार रे?" तो हसला. "काका, लावायचे पैसे ठरलेत. काढायचं कुणी बोललंच नाही."

सगळं दुखणं त्या पोरानं एका वाक्यात सांगितलं. आपल्या भाषेत दळायची दळणावळ आहे, शिवायची शिवणावळ आहे. फ्लेक्सच्या धंद्यात लावणावळ आहे, काढणावळ नाही. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. त्याच्या हिशेबात चहा येतो, वडापाव येतो, खुर्च्यांचं भाडं येतं, फ्लेक्सचे चौरस फूट येतात. काढणावळीची ओळ त्या वहीत कुणी लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ती ओळ शेवटी पालिकेच्या वहीत जाते, म्हणजे तुमच्या-माझ्या घरपट्टीत. ज्याला आपण मत दिलं त्याचा कचरा आपण उचलतो, आणि ज्याला दिलं नाही त्याचाही आपणच.

पालिकेत गेलं की उत्तर तयार असतं: माणसं कमी आहेत. हे उत्तर आता ऐकून घ्यायचं नाही, आणि का नाही ते सांगतो. निवडणूक जाहीर होते त्या दिवशी काय होतं ते आठवा. आचारसंहिता लागते आणि घड्याळ सुरू होतं. सरकारी इमारतींवरचं राजकीय साहित्य २४ तासांत उतरवायचं. बसस्थानक, पूल, विजेचे खांब अशा सार्वजनिक जागांवरचं ४८ तासांत. खासगी जागांवर विनापरवानगी लावलेलं ७२ तासांत. निवडणूक आयोगाचा तसा आदेश असतो. आणि खरोखर उतरतं! कोनशिलांवर कागद चिकटतो, कमानी झाकल्या जातात, कालपर्यंत 'माणसं कमी' असलेल्या त्याच पालिकेचा ट्रॅक्टर त्याच चौकातून भरभरून जाताना दिसतो. म्हणजे शिडी आहे, माणूस आहे, ट्रॅक्टरही आहे. गाव तीन दिवसांत मोकळं होऊ शकतं, हे आपण दर निवडणुकीला डोळ्यांनी पाहतो. आचारसंहिता येताना झाडू घेऊन येते आणि जाताना तो बरोबर घेऊन जाते, दुखणं एवढंच आहे. येताना ७२ तास, तर जाताना ७२ तास का नाहीत? हा प्रश्न प्रत्येक गावानं आपल्या मुख्याधिकाऱ्याला, आयुक्ताला आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखी विचारला पाहिजे.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्राचा मालमत्ता विद्रूपणाला आळा घालणारा कायदा १९९५ सालचा आहे. परवानगीशिवाय लोकांच्या नजरेच्या जागी फलक लावला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! चौरस फुटाला दहा-पंधरा रुपये धरले तर दहा बाय दहाचा एक फ्लेक्स हजार-दीड हजारात छापून होतो. म्हणजे दंड हा छपाईच्याच बिलातला आणखी एक आकडा झाला. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशननं २०११ साली मुंबई उच्च न्यायालयात याच प्रश्नावर जनहित याचिका केली. ३१ जानेवारी २०१७ रोजी न्यायालयानं बेकायदा फलकांबाबत सविस्तर निकाल दिला. त्यानंतरही न्यायालयाला याच विषयावर पुन्हा पुन्हा सुनावण्या घ्याव्या लागल्या. न्यायमूर्तींनी चौकाचौकात शिडी लावून चढावं, अशी तर आपली अपेक्षा नाही ना?

ज्यांनी १९९०च्या आधीच्या निवडणुका पाहिल्यात, त्यांना भिंती आठवत असतील. गेरू आणि चुन्यानं रंगवलेल्या. घरमालकाला विचारायची पद्धत नव्हती. सकाळी दार उघडावं तर आपल्याच भिंतीवर कुणाचा तरी पंजा, नाहीतर कमळ, नाहीतर धनुष्यबाण. पुढच्या निवडणुकीपर्यंत तो पावसात धुपत राहायचा. हे असंच चालायचं, असं तेव्हाही सगळे म्हणत. मग शेषन आले. १९९० ते १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त असलेल्या त्या माणसानं नवा कायदा आणला नाही, जुन्या नियमांची धूळ झटकली आणि ते पाळायला लावले. भिंती हळूहळू मोकळ्या झाल्या. आज कुणी परस्पर आपल्या घराची भिंत रंगवली तर आपण भांडायला धावू. चौकाला मात्र आपण आपली भिंत मानलेलं नाही.

त्या काळचा कापडी फलक तरी बरा होता. मांजरपाटाचा असायचा. निवडणूक संपली की पोरं तो रातोरात लांबवत. त्याच्या पिशव्या व्हायच्या, उशांचे अभ्रे व्हायचे. एखादी आजी दळण आणायला जायची तर तिच्या पिशवीवर उलटी अक्षरं, '...यांनाच विजयी करा'. कापड झिजलं, लुगड्यासारखं विरलं, मातीला मिळालं. फ्लेक्स मातीला मिळत नाही. आत पॉलिस्टरचं जाळीदार कापड आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर, असा तो घट्ट संसार असतो. तो सोडवून वेगळा करणं परवडत नाही म्हणून भंगारवालाही त्याला हात लावत नाही. त्याला हवा असतो मागचा लोखंडी सांगाडा. तो नेतो आणि चेहरा गटारीत टाकून जातो. जाळला तर क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो, डायॉक्सिनसारखी द्रव्यं तयार होतात, आणि थंडीत शेकोटीत फ्लेक्सचे तुकडे टाकणारे वॉचमन मी पाहिले आहेत. १ जुलै २०२२पासून देशात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक-पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. रस्त्यावरचा फ्लेक्स बहुतेक वेळा त्याहून जाड असतो, म्हणून त्या चाळणीतून सहीसलामत सुटतो. केरळनं २०१९ साली पीव्हीसी फ्लेक्सवरच बंदी घातली. निवडणुका तिथंही होतात, आणि चुरशीच्या होतात.

गरिबाच्या कामाला येतो हो फ्लेक्स, असं कुणी म्हणेल. खरंच आहे ते. झोपडीचं छप्पर, कडब्याच्या गंजीवरचं झाकण, ट्रॉलीतल्या कांद्यावरचं पांघरूण. एका खळ्यावर मी सोयाबीन वाळताना पाहिलं आणि त्याखाली विकासपुरुष उताणे पडून आकाशाकडे हात जोडत होते. मला तो त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत उपयोगी दिवस वाटला. पण दोन उन्हाळे गेले की तोच फ्लेक्स कडकडून फुटतो, त्याची पापुद्र्यांसारखी टरफलं उडतात आणि त्याच शेतात मिसळतात. आणि गरिबाला ताडपत्री द्यायची असेल तर कोरी द्या की! त्यासाठी चार महिने चौक कशाला झाकायचा?

आता अवघड जागेकडे येतो. फ्लेक्सच्या वरच्या पट्टीत शिवाजी महाराज असतात, फुले असतात, शाहू महाराज, बाबासाहेब असतात. मोठी माणसं टिकलीएवढी आणि खाली भाऊ, दादा, साहेब टेम्पोएवढे. हा आदर आहे, असं मला कधीच वाटलं नाही. हे चिलखत आहे. वर महाराज असले की पालिकेचा कर्मचारी हात लावायला कचरतो. लावला तर अर्ध्या तासात जमाव. म्हणून बेकायदा फलक महिनोन्महिने टिकतो, आणि मग ज्यांचं नाव घेऊन आपण श्वास घेतो त्यांचाच चेहरा पावसात सोलपटतो, वाऱ्यानं गटारीत जातो. यात अवमान काढणाऱ्याचा आहे की लावून विसरणाऱ्याचा? गल्लीतल्या तरुण मंडळांनी हा प्रश्न मनावर घेतला पाहिजे. जयंतीला ज्या हातांनी फोटोला हार घालता, त्याच हातांनी तो फलक आदरानं उतरवा, नीट घडी करा. त्याला दुसरा कुणी लागत नाही.

झाडांचंही तेच. वडाला, पिंपळाला, गुलमोहराला ठोकलेले खिळे फलक गेल्यावरही आत राहतात. पुण्यात 'आंघोळीची गोळी' असं मजेशीर नाव घेतलेल्या तरुणांनी झाडांमधले खिळे उपटायची मोहीम काढली. पक्कड, कटावणी आणि सुट्टीची सकाळ एवढंच भांडवल. आणि फ्लेक्स हा नुसता नजरेचा कचरा नाही. चेन्नईत २०१९च्या सप्टेंबरात एका लग्नासाठी लावलेला राजकीय बॅनर दुचाकीवरच्या तरुणीवर पडला, ती रस्त्यावर कोसळली आणि मागून आलेल्या टँकरखाली गेली. ती नोकरीवरून घरी चालली होती.

तेव्हा मंडळी, नुसती हळहळ पुरे झाली. दोन कामं आहेत, आणि दोन्ही आपल्याच्यानं होण्यासारखी आहेत.

एक, पालिकेकडं मागणी करायची: फलकाला परवानगी देतानाच काढणावळ आगाऊ भरून घ्या. अनामत म्हणून घ्या. विधानसभेच्या उमेदवाराला अर्जासोबत १० हजार रुपये आणि लोकसभेच्या उमेदवाराला २५ हजार रुपये अनामत ठेवावीच लागते. एक-षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जाते. डिपॉझिट जप्त होणं म्हणजे काय, हे या राज्यात शेंबड्या पोराला कळतं. तोच न्याय फलकाला लावा. निकालानंतर ७२ तासांत उतरवला तर पैसे परत, नाही तर फ्लेक्सचं डिपॉझिट जप्त, आणि जप्तांची यादी पालिकेच्या फळ्यावर. जिंकूनही डिपॉझिट गेलेला नगरसेवक मला एकदा पाहायचा आहे. ग्रामसभेत हा ठराव मांडा, वॉर्ड सभेत मांडा. अर्ज दिला की पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. आवक क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज म्हणजे देवळात केलेला नवस.

दुसरं काम जरा गमतीचं आहे. मासिकांचे संपादक नापसंत कथा कशी परत पाठवत, आठवतं? 'साभार परत'. आपणही तेच करायचं. निकालानंतर आठवडा वाट पाहायची. पालिकेला कळवायचं, त्यांचा माणूस सोबत मागायचा. भाड्यानं घेतलेल्या अधिकृत होर्डिंगला हात लावायचा नाही, लोखंडी सांगाड्यावर चढायचं नाही, विजेच्या खांबाकडं फिरकायचं नाही, ते त्या खात्याचं काम. पण हाताला किंवा छोट्या शिडीला लागणारे, कुंपणाला, झाडाला, दुभाजकाला, शाळेच्या फाटकाला बांधलेले फलक सोडवायचे. चिखल पुसायचा, गुंडाळी करायची, सुतळीनं बांधायची आणि ज्याचा चेहरा त्याच्या जनसंपर्क कार्यालयात नेऊन ठेवायची. वर चिठ्ठी: 'आपली वस्तू आमच्या चौकात राहून गेली होती. साभार परत.' खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या. पत्ता सापडत नसेल तर फ्लेक्सचा खालचा कोपरा पाहा. लोकसभा-विधानसभेच्या छापील प्रचारसाहित्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव टाकणं बंधनकारक आहे. तेवढं नाव पुरतं.

आणि कुणाचाही लाड नको. ज्या दिवशी आपण फक्त विरोधकाचे फ्लेक्स उतरवू, त्या दिवशी हा उपक्रम एका पक्षाचा होईल आणि संपेल. पहिली गुंडाळी ज्याला आपण मत दिलं त्याची.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहिले की त्याच गावाला प्रश्न विचारत. त्यांच्या खराट्याची आठवण आपण दर वर्षी काढतो. प्रश्नांची काढत नाही, कारण खराट्यानं कुणी दुखावत नाही. गुंडाळी उचलायचीही आणि 'ही कुणाची?' म्हणून विचारायचंही, तरच ती बाबांची रीत.

आमच्या गल्लीनं येता रविवार ठरवला आहे. सकाळी सात, कोपऱ्यावरच्या दूध डेअरीसमोर. विळा आणि पक्कड माझ्याकडं आहे. सुतळीचे दोन गुंडे शेजारच्या काकू आणतायत, चहा डेअरीवाला देणार आहे. मुख्याधिकाऱ्यांच्या पत्राची पोच खिशात आहे, तिच्यावर आवक क्रमांकही पडलाय. शिडी तेवढी कुणाची तरी लागेल.